आतड्याच्या कॅन्सरच्या रिपोर्टात गाठींचा आकडा हवा, ट्यूमरची कुळीही हवी : नाशिकच्या सर्जन, पॅथॉलॉजिस्ट आणि कर्करोगतज्ज्ञांना खुले पत्र

आदरणीय डॉक्टरांनो,

सप्रेम नमस्कार.

नाशिकमधल्या एका लॅबमध्ये हिस्टोपॅथॉलॉजीच्या टेबलावर मी २८ वर्षे काम केले. ऊतकाचे मेणातले ब्लॉक बनवले, मायक्रोटोमवर पातळ कापांच्या रिबन काढल्या, स्लाइड रंगवल्या. पॅथॉलॉजिस्ट मॅडम ग्रॉसिंगला, म्हणजे काढलेला अवयव चिरून तपासायला, बसल्या की शेजारी उभी राहून कॅसेटवर नंबर घातले. मी डॉक्टर नाही, आणि तुम्ही शिकलेले तुम्हालाच शिकवावे असा माझा आव नाही. पण काही गोष्टी मी बोटांनी ओळखते आणि एक गोष्ट माझ्या माहेरच्या घरात घडली आहे. म्हणून लिहिते आहे.

मागणी आधीच सांगून टाकते. मोठ्या आतड्याचा कॅन्सर काढल्यावर जो रिपोर्ट पेशंटच्या हातात पडतो, त्यात आतड्यालगतच्या किती लसिका ग्रंथी (टेबलावर आम्ही त्यांना नुसते गाठी म्हणतो) तपासल्या हा आकडा असावा आणि ट्यूमरमधली डीएनए-दुरुस्तीची चार प्रथिने शाबूत आहेत की नाहीत हा निकालही असावा; यालाच मी ट्यूमरची कुळी म्हणते. आणि पुढचे उपचार ठरवताना ही दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी ठेवून वाचली जावीत.

माझा मोठा भाऊ निफाड तालुक्यात द्राक्षबाग करतो. शौचातून रक्त पडायला लागले तेव्हा गावात मूळव्याध समजून आठ महिने औषध चालले. कोलोनोस्कोपी झाली तोपर्यंत डाव्या बाजूला, सिग्मॉइडमध्ये, चांगला मोठा ट्यूमर झाला होता. ऑपरेशन शहरात झाले, व्यवस्थित झाले. आठवड्याने भाच्याने मला व्हॉट्सअॅपवर रिपोर्ट पाठवला. मी सीबीएसला बसची वाट पाहत उभी होते. टी-३, एन-०, म्हणजे ट्यूमर आतड्याच्या स्नायूपलीकडे गेलेला, पण गाठींत नाही. लसिका ग्रंथी ६, सर्व कर्करोगमुक्त. खाली भाच्याने लिहिले होते, 'आत्या, पसरलेला नाही. दादांना केमो नाही लागणार.' घरी पेढे वाटून झाले होते.

तो सहाचा आकडा मी वाचला. सहा कमी आहेत, किमान बारा हव्यात, हे मला माहीत होते. दादाच्या घरात दोन महिन्यांनी पहिल्यांदा कोणीतरी हसत होते, आणि मी गप्प बसले. पुढच्या सोळा महिन्यांत रक्तातला सीईए (कॅन्सर परतल्याचा इशारा देणारे प्रथिन) वाढला, मग सोनोग्राफीत यकृतात दोन डाग दिसले.

ज्या लॅबने रिपोर्ट दिला तिथे मी स्वतः गेले. ब्लॉक मिळाले. उरलेले आतडे आणि चरबी मात्र ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट केलेली होती. त्यात नियमाबाहेरचे काही नाही, आमच्याकडेही तसेच होत असे. त्या ब्लॉकवर मी आयएचसी (प्रथिने आहेत की नाहीत हे रंगाने दाखवणारी चाचणी) करून घेतली. चारही प्रथिने शाबूत. म्हणजे ज्या ट्यूमरमध्ये सहा स्वच्छ गाठींवर विसंबणे सर्वांत धोक्याचे, तोच हा ट्यूमर होता. सातव्या गाठीत कॅन्सर होता असे मी म्हणत नाही. ते आता कोणालाच कळणार नाही. त्या चरबीत पुन्हा बोट घालायला हवे का, हा प्रश्न वेळेवर कोणी विचारला नाही, आणि विचारणाऱ्यांत मीही नव्हते.

त्याच वर्षी आमच्या टेबलावर दिंडोरीकडच्या एका बाईंचे आतडे आले होते. ट्यूमर उजव्या बाजूला, सीकमजवळ (मोठे आतडे सुरू होते तिथे), थुलथुलीत, म्युसिनने म्हणजे बुळबुळीत द्रवाने भरलेला. सीटीवर गाठी मोठाल्या दिसल्या म्हणून घरच्यांना 'पसरलाय बहुतेक' असे सांगितले गेले होते. मॅडमनी चरबीला बोट लावले आणि त्या थांबल्याच. गाठी शोधाव्याच लागत नव्हत्या. हरभऱ्याएवढ्या, काही तर शेंगदाण्याएवढ्या, एकीला लागून एक. मी कॅसेट लिहून लिहून दमले. एकूण ३१ भरल्या. स्लाइड आल्या तेव्हा एकतिसांपैकी एकीतही कॅन्सर नव्हता. सगळ्या नुसत्या सुजलेल्या, आतून कामाला लागलेल्या.

आयएचसीची ती स्लाइड मला अजून दिसते. ट्यूमरच्या पेशींची केंद्रके निळी, कोरी. त्यांच्यात घुसलेल्या लिम्फोसाइटची (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची) केंद्रके मात्र तपकिरी. रंग चढला आहे याची खात्री त्याच पेशी देतात. एमएसएच-२ आणि एमएसएच-६ ही दोन्ही प्रथिने ट्यूमरमधून गायब होती.

आता दोन रिपोर्ट शेजारी ठेवा. दादाचा : टी-३, गाठी स्वच्छ, म्हणून स्टेज टू. बाईंचा : टी-३, गाठी स्वच्छ, स्टेज टू. कागदावर दोघे एकाच रांगेत उभे आहेत.

पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते आणि नकलेत चुका राहतात, विशेषतः जिथे एकच अक्षर किंवा अक्षरांची जोडी पुन्हा पुन्हा येते तिथे. छापखान्यात मुद्रितशोधक बसतो तशी ही चार प्रथिने त्या चुका पकडतात. एमएलएच-१ ही पीएमएस-२ सोबत, एमएसएच-२ ही एमएसएच-६ सोबत, अशा त्यांच्या जोड्या. जोडी मोडली की चुका साठत जातात. १९९३ साली तीन वेगवेगळ्या संशोधक गटांनी हे आतड्याच्या कॅन्सरमध्ये दाखवले, तेव्हापासून त्याला मायक्रोसॅटेलाइट अस्थिरता म्हणतात. अशा ट्यूमरमध्ये इतकी विचित्र, शरीराला अनोळखी प्रथिने तयार होतात की आपली रोगप्रतिकारशक्ती जागी होते. लिम्फोसाइट ट्यूमरमध्ये शिरतात आणि त्या भागाच्या गाठी कामाला लागून फुगतात. फुगलेल्या गाठी बोटाला चटकन लागतात. म्हणून या ट्यूमरमध्ये गाठी जास्त सापडतात, आणि त्यांत कॅन्सर असण्याचे प्रमाण कमी असते. स्टेज टूमध्ये या जातीचे ट्यूमर साधारण १५ ते २० टक्के असतात, तर दूरवर पसरलेल्या रोगात ४-५ टक्केच.

यातून पहिली गोष्ट निघते ती अशी की सीटीवर मोठी दिसणारी गाठ ही कॅन्सरचीच असेल असे धरून चालू नये. दिंडोरीच्या बाईंच्या घरी पंधरा दिवस त्या एका शब्दाने चूल नीट पेटली नव्हती. बायोप्सीवरच चार प्रथिने तपासलेली असती तर सीटी वाचणाऱ्या डॉक्टरांनाही वेगळा विचार करता आला असता.

दुसरी गोष्ट दादासारख्यांची. प्रथिने शाबूत असलेल्या ट्यूमरमध्ये गाठी सहसा तेवढ्या फुगत नाहीत. त्यात आतड्याची डावी बाजू आणि वाढलेले वय. दोन्हींत गाठी मुळातच कमी मिळतात. मग शोधणाऱ्याचे कष्ट वाढले पाहिजेत. होते उलटेच. टेबलावर दुपारी चारला अकरावा नमुना आलेला असतो, बाहेर रिपोर्टसाठी नातेवाईक उभे असतात आणि ज्या नमुन्यात गाठी पटकन लागत नाहीत तिथेच आपण लवकर उठतो. मी हे आरोप म्हणून लिहीत नाही, मी त्या टेबलाशीच होते.

ज्यांनी हे काम केलेले नाही त्यांच्यासाठी सांगते. फॉर्मॅलिनमध्ये रात्रभर राहिलेले आतडे घट्ट होते. त्याला लागून असलेली पिवळी चरबी चिमटीत धरून हलके चोळायची. चरबी बोटाखालून सरकते, गाठ सरकत नाही, मुगाच्या दाण्यासारखी अडकते. मुगाएवढी असली तर सोपे. पण कॅन्सर शिरलेल्या गाठींपैकी पुष्कळ पाच मिलिमीटरपेक्षा लहान असतात, मोहरीएवढ्याही. त्या बोटाला सहज सापडत नाहीत. त्यासाठी उरलेली चरबी ग्लेशियल अॅसेटिक अॅसिड, अल्कोहोल, पाणी आणि फॉर्मॅलिनच्या मिश्रणात रात्रभर ठेवायची. सकाळी गाठी खडूसारख्या पांढऱ्या उठून दिसतात. खर्च नगण्य. लागते ती एक रात्र आणि दुसऱ्या दिवशीचा अर्धा तास. काही ठिकाणी धमनीतून मेथिलीन ब्लू सोडतात, मग गाठी निळ्या होतात.

किमान १२ गाठी तपासाव्यात हा दंडक जुना आहे. १९९० साली सिडनीच्या जागतिक परिषदेतल्या कार्यगटाने तो सुचवला आणि पुढे बहुतेक मार्गदर्शक सूचनांत तो आला. बारापेक्षा कमी गाठी म्हणजे स्टेज टूमधला जास्त जोखमीचा पेशंट, हेही तुम्ही सगळे जाणता. प्रश्न असा येतो की गाठींची संख्या ट्यूमरच्या कुळीवरही अवलंबून असेल, तर मग आकड्याला महत्त्व का द्यायचे? हे मला एका तरुण सर्जननी विचारले होते, आणि प्रश्न प्रामाणिक होता. अमेरिकेतल्या दोन मोठ्या दीर्घकालीन पाहण्यांतल्या पेशंटवर २०१० साली एक अभ्यास आला. मायक्रोसॅटेलाइट अस्थिरता आणि ट्यूमरभोवतीची लिम्फोसाइटची गर्दी हे सगळे हिशेबात धरूनही, स्वच्छ गाठी जास्त सापडलेले पेशंट जास्त जगले. म्हणजे कुळी कळली म्हणून गाठी मोजायच्या थांबवता येत नाहीत. आणि ३१ गाठी स्वच्छ निघाल्या म्हणून कुळी विचारायची राहून चालत नाही.

इथे एक गोष्ट मला लपवायची नाही, कारण तिने माझ्या मनाचा बराच भार हलकाही केला आणि गुंताही वाढवला. २०१७ साली 'सायन्स' या नियतकालिकात १७ पेशंटच्या मूळ ट्यूमर, गाठी आणि दूरच्या पसरलेल्या रोगाच्या नमुन्यांची जनुकीय वंशावळ मांडली गेली. सुमारे ६५ टक्के पेशंटमध्ये गाठीतला कॅन्सर आणि यकृतासारख्या अवयवातला कॅन्सर मूळ ट्यूमरच्या वेगवेगळ्या पोटशाखांतून निघालेले होते. म्हणजे रोग आधी गाठीत थांबतो आणि मग तिथून यकृतात जातो, हे चित्र निम्म्याहून अधिक जणांच्या बाबतीत खरे नव्हते. दादाच्या यकृतातले डाग कदाचित कुठल्याच गाठीतून गेले नसतील. तरीही गाठ हा पुरावाच आहे. या ट्यूमरच्या अंगात बाहेर पडायची ताकद आहे, हे ती सांगते. त्यासाठी ती शोधायची असते. ट्यूमरच्या जनुकांकडे पाहिल्याखेरीज त्या पुराव्याचा अर्थ अर्धाच लागतो, हे माझ्यासारखीलाही त्या अभ्यासातून कळले.

उपचारांत फरक किती पडतो पाहा. स्टेज टूमध्ये प्रथिने गायब असलेल्या ट्यूमरला नुसत्या ५-एफयू या औषधाच्या केमोचा फायदा होत नाही. दिंडोरीच्या बाई त्यामुळे सहा महिन्यांच्या त्रासातून वाचल्या. दादाच्या बाबतीत सहा गाठी आणि शाबूत प्रथिने हे दोन्ही एकत्र वाचले गेले असते तर केमोबद्दल निदान बोलणे तरी झाले असते. गाठीत कॅन्सर निघाला तरी मोजणी संपत नाही. तीन निघाल्या की चार, यावर एन-१ की एन-२ ठरते, आणि २०१८ साली आलेल्या बारा हजारांहून अधिक पेशंटच्या एकत्रित अभ्यासानंतर कमी जोखमीच्या पेशंटला ऑक्सॅलिप्लॅटिनची केमो सहाऐवजी तीन महिने पुरू शकते हे मान्य झाले. तीन महिने कमी म्हणजे काय ते बागाईतदाराच्या घरात विचारा. यकृतासाठी आता ऑक्सॅलिप्लॅटिन चालू झाल्यावर दादाची बोटे बधिर झाली. गेल्या हंगामात द्राक्षाच्या घडाची विरळणी करताना कात्री मण्याला लागते की देठाला, हे त्याला कळेना. चाळीस वर्षे ज्या बोटांनी बाग केली ती बोटे.

स्टेज फोरमध्ये तर प्रथिने गायब असलेल्या पेशंटसाठी २०२० पासून पेम्ब्रोलिझुमॅब (इम्युनोथेरपीचे, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीला कामाला लावणारे औषध) हा पहिल्या फळीचा उपचार झाला आहे. नेदरलँड्समध्ये अशाच, पण दूर न पसरलेल्या ट्यूमरच्या १११ पेशंटना ऑपरेशनआधी काही आठवडे इम्युनोथेरपी दिली. त्यांपैकी ६८ टक्क्यांच्या काढलेल्या आतड्यात जिवंत कॅन्सर उरलाच नव्हता. औषधे महाग आहेत, आपल्याकडे सर्वांना परवडणारी नाहीत, हे मी जाणते. पण ती मिळण्याची शक्यता आहे की नाही, हे बायोप्सीवर चाचणी झाली तरच कळते. ऑपरेशननंतर कळून तो रस्ता बंद झालेला असतो.

घराण्याचेही बोलले पाहिजे. एमएसएच-२ गायब दिसल्यावर मॅडमनी सर्जनना फोन केला, सर्जननी बाईंना विचारले. त्यांची आई गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली होती, मामा 'पोटाच्या आजाराने' चाळिशीत. पुढे रक्ताच्या तपासणीत लिंच सिंड्रोम, म्हणजे असे कॅन्सर घराण्यात चालवणारा जनुकीय दोष, निघाला. आई किंवा वडिलांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. बाईंच्या २७ वर्षांच्या मुलाची कोलोनोस्कोपी झाली, एक पॉलिप (आतड्याच्या आतला कोंब) निघाला, काढला. आता त्याला वर्षा-दोन वर्षांनी तपासायचे आहे, एवढेच. १८९५ साली अमेरिकेत मिशिगनमध्ये एका शिवणकाम करणाऱ्या बाईने डॉक्टर वॉर्थिन यांना सांगितले होते की आमच्या घरात सगळे आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरने जातात, मीही तशीच जाणार. ती तशीच गेली. वॉर्थिननी १९१३ साली ते घराणे नोंदवले आणि पुढे हेन्री लिंच यांनी हे काम नेटाने पुढे नेले. दिंडोरीच्या बाईंच्या मुलाला मात्र तसे म्हणावे लागत नाही, कारण एका ब्लॉकवर आयएचसीच्या दोन-चार अँटिबॉडी लावल्या गेल्या.

म्हणून सर्जन डॉक्टरांना विनंती : आतडे सलाइनमध्ये बुडवून, प्लास्टिकच्या बरणीत घालून नातेवाइकांच्या हाती रिक्षाने पाठवू नका. मी अशा बरण्या उघडल्या आहेत. पेशी सडायला लागलेल्या असतात, मग प्रथिने खरेच गायब आहेत की नीट न मुरल्यामुळे रंग चढला नाही, हे सांगता येत नाही. मोठा डबा, भरपूर ताजे फॉर्मॅलिन, आणि रक्तवाहिनी जिथे बांधली तिथे एक दोरा, म्हणजे मुळाशी असलेली गाठ कोणती ते आम्हाला कळते. फॉर्मवर बाजू आणि घराण्यातला कॅन्सर लिहा.

पॅथॉलॉजिस्ट सर-मॅडम, बारापेक्षा कमी गाठी मिळाल्या तर चरबीत पुन्हा शोधा आणि पुन्हा शोधले असे रिपोर्टात लिहा. मिळाल्याच नाहीत तरी चालेल, पण लिहा. मुदत संपली तरी, कर्करोगतज्ज्ञांचा निर्णय होईपर्यंत कमी गाठींच्या पेशंटची बरणी ठेवा. चार अँटिबॉडींचा खर्च पेशंटला जड जात असेल तर आधी पीएमएस-२ आणि एमएसएच-६ या दोनच लावून सुरुवात करता येते; दोन्ही शाबूत असतील तर बहुतेक वेळा तिथेच थांबता येते.

कर्करोगतज्ज्ञांनो, ज्या फाइलीत गाठींचा आकडा आणि चार प्रथिनांचा निकाल या दोन्ही ओळी नाहीत ती फाइल परत पाठवण्याचा अधिकार तुमच्याकडे आहे. तुम्ही दोन महिने परत पाठवल्या तर तिसऱ्या महिन्यात रिपोर्ट आपोआप पूर्ण यायला लागतील. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या पेशंटला ही चाचणी खिशातून करावी लागू नये, यासाठी तुम्ही सगळ्यांनी मिळून लिहिलेल्या पत्राचे वजन पडेल. माझ्या एकटीच्या पत्राचे पडणार नाही. राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला, आपल्या गावातच आहे. पॅथॉलॉजीच्या विद्यार्थ्यांना चरबीतली गाठ शोधणे हाताने शिकवले जावे, हे तिथे जाऊन सांगायला तुम्हाला मुंबईचा प्रवास करावा लागत नाही.

दादाला हे पत्र वाचून दाखवले. तो म्हणाला, कोणाचे नाव घालू नकोस, त्यांनी ऑपरेशन चांगले केले होते. ते खरेच आहे.

मी निवृत्त आहे, दुपार मोकळी असते. ज्या लॅबला वाटेल तिथे, तुमच्या देखरेखीखाली, पंचवटीतून येऊन टेबलाशी बसेन आणि तुमच्या नव्या मुलांना चरबी चोळून गाठ कशी लागते ते दाखवीन. मानधन नको. लिहिण्या-वाचण्याला आता चष्मा लागतो, पण बोटांना अजून मोहरीएवढी गाठ कळते.

आपली नम्र,
एक निवृत्त हिस्टोपॅथॉलॉजी तंत्रज्ञ
पंचवटी, नाशिक